महाशक्ती आणि दोन हजार लिटरची टाकी

स्वरालीने डोळे मिटले, उजवा हात नळासमोर धरला आणि हुकूम सोडला, "ये!"

नळ आला नाही.

"कट!" सार्थक मोबाईल खाली घेत गच्चीकडे बघून ओरडला. "शंत्या, झोपला का बे?"

"वॉल जाम हाय यार!" गच्चीवरून शंतनूचा आवाज आला. "पान्हा लावतोय. थांब."

चित्रपटाची गोष्ट अशी, की कोरड्या विहिरीत उतरलेल्या बारावीच्या पोरांना अचानक महाशक्ती मिळतात आणि पुढे काय झालं ते जगाला फक्त त्यांच्या सापडलेल्या मोबाईलमधून कळतं. सार्थकला ही कल्पना आवडली, कारण अशा चित्रपटात कॅमेरा हलला तरी तो मुद्दाम हलवलाय असं लोक समजतात. उडायची शक्ती परवडण्यासारखी नव्हती. अदृश्य व्हायला मात्र काहीच खर्च नव्हता, म्हणून ती शंतनूला दिली. निम्म्या चित्रपटात तो दिसतच नव्हता आणि तेवढा वेळ वरच्या कामांना मोकळा होता. राहिली स्वराली. तिला सार्थकने अशी शक्ती दिली, जी त्या उन्हाळ्यात बीड बायपासच्या पलीकडे कोणाकडेच नव्हती, अगदी महापालिकेकडेही. ती हात धरेल तिथे पाणी येणार होतं.

गेटजवळच्या नळाला महापालिकेचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही त्याच्या मनात आलं तर. पण घर बांधताना प्लंबरने टाकीची लाइन आणि नळाची लाइन गच्चीवर एका वॉलने, म्हणजे व्हॉल्व्हने, जोडून ठेवली होती. जाताना "हा वॉल कधी उघडायचा नाय" एवढंच सांगून तो गेला होता. उघडला तर टाकीतलं पाणी उलटं खाली येऊन नळातून पडणार, हे सार्थकने स्वतःच्या डोक्याने शोधलं होतं. त्या शोधावर तो खूश होता.

अडचण एकच होती. टाकी एरवी रिकामी असायची. आज ती काठोकाठ भरली होती, कारण आज दुपारी ताईचा साखरपुडा होता. फर्दापूरहून पन्नास पाहुणे निघाले होते आणि त्यांच्यासाठी सकाळीच टँकर येऊन गेला होता.

"एका मिनिटाचा तर सीन," सार्थकने स्वरालीला समजावलं होतं. "बादली खाली ठेवू. एक थेंब वाया जाणार नाय."

"आणि काकूंनी पाहिलं तर?"

"आई भजी तळतीय. भजी तळताना ती देवाचंबी ऐकत नाय."

वॉल उघडला. नळाने आधी खाकरून घेतलं, मग मनगटाएवढी धार सोडली. दृश्य अप्रतिम होतं. या ठिकाणी स्वरालीने आपल्या हाताकडे भयचकित होऊन बघायचं, असं संहितेत लिहिलं होतं. पण स्वराली त्याच गल्लीत लहानाची मोठी झाली होती. त्या गल्लीचा दंडक असा, की पाणी ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने सगळ्यांना सांगायचं. पाणी बघितल्यावर ती भूमिका विसरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "नळ आलेऽऽऽ!"

"नळ आलेऽऽ!" शेजारच्या गोजरमावशींनी आरोळी पुढे पाठवली. ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या. नळाला मोटार लावणं गुन्हा होता, त्यामुळे प्रत्येकाची मोटार गोणपाटाखाली झाकलेली असायची.

सार्थकच्या नळाची धार करंगळीएवढी झाली, मग थांबली. मग नळ आतल्या आत श्वास ओढायला लागला.

"सार्थक!" वरून शंतनू किंचाळला. "टाकी खाली चाललीय! गोल गोल फिरून चाललीय!"

"वॉल बंद कर ना बे!"

"चावी तुटून हातात आलीय! वॉल तिथंच हाय!"

सगळ्या गल्लीच्या नळांची लाइन एकच होती; मोटारींनी तिच्यातून ओढून गल्लीने टाकी बघता बघता पिऊन टाकली. सार्थकच्या मोबाईलवर लगेच प्रभागाच्या ग्रुपचा संदेश आला. नगरसेवकांच्या अथक पाठपुराव्याने आपल्या गल्लीत आज विशेष पाणी सोडण्यात आलं होतं. खाली हात जोडलेले सतरा जण.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवडाबाई, म्हणजे सार्थकची आई, कढईतला झारा तसाच हातात घेऊन बाहेर आली. "काय रं, सिंकच्या नळाला पाणी नाय. पाव्हणे सिडकोत आलेत म्हणून फोन हाय. मी त्यांचे हातपाय काय तेलानं धुवू का?"

सार्थकने तोंड उघडलं. झाऱ्यावरून तेल ठिबकत होतं. त्याने तोंड मिटलं, हंडा उचलला आणि गोजरमावशींचं दार गाठलं.

"मावशी, थोडं पाणी मिळंल का?"

"अगं बाई! सगळ्या गल्लीला आलं अन् तुमच्याच नळाला नाय आलं? साखरपुड्याच्या दिवशी?" मावशींचे डोळे भरून आले. "ने बाबा, हवं तेवढं ने. आज देवानं दिलंय."

देवाने सार्थककडे बघितलंही नसावं. तो हंडा घेऊन वळेपर्यंत मावशींनी दुसरी आरोळी ठोकली होती आणि गल्लीतून हंडे, कळश्या, बादल्या सार्थकच्या घराकडे निघाल्या. टँकरचं गढूळ पाणी गाळून, निवळून, एका घरून तर वाळा टाकून परत येत होतं. सार्थकचे वडील, कारभारी भाऊ, दारात उभे राहून प्रत्येकापुढे हात जोडत होते. "अशी माणसं मिळायला भाग्य लागतं," ते रडवेले होऊन म्हणाले. "सार्थक, पाया पड सगळ्यांच्या."

सार्थक पाया पडत सुटला.

"अरे, हे आपलंच पाणी आहे," स्वराली कानात कुजबुजली.

"म्हायतीय. तू बी पड."

गाड्या येऊन लागल्या. नवऱ्या मुलाचे वडील पुंडलिकराव उतरत होते, तेवढ्यात समोरच्या पत्र्याच्या खोलीतले कडुबा मामा डोक्यावर कळशी घेऊन हळूहळू आले. म्हातारा एकटा राहायचा. सार्थकच्या एकदम लक्षात आलं, की यांच्याकडे मोटार नाही.

"मामा, तुमच्याकडं कुठून आलं पाणी?"

"मला कुठं आलं आज? हे ड्रमातलं मागचं हाय. म्हटलं, पोरीचं कार्य हाय."

सार्थकला आता राहवलं नाही. त्याने म्हाताऱ्याला बाजूला घेऊन वॉल, टाकी, मोटारी, चित्रपट, सगळं सांगून टाकलं. कडुबा मामांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी हे सगळे तुमचंच पाणी तुम्हाला देऊन राह्यले?"

"व्हय."

"अन् तुझा बाप त्यांच्या पाया पडून राह्यला?"

"मीबी पडलो."

मामा हसायला लागले ते थांबेचनात. डोक्यावरची कळशी हिंदकळून दोघेही भिजले. "मंग लई बरं झालं मोटार नाय ते. एवढं एक तरी माझ्याच घरचं हाय!"

सार्थक परत वाकला. आधीच्या सगळ्या पायांपेक्षा इथे जरा जास्त वेळ थांबला. मग त्याने ती कळशी उतरवून घेतली, तांब्या भरला आणि तो पुंडलिकरावांसमोर नेऊन धरला.

पुंडलिकराव उन्हातून आले होते. त्यांनी तांब्या एका दमात रिकामा केला. "वा! लई गोड पाणी. टँकरचं तर नाय वाटत. कुठलं हे?"

"शेजारचं," सार्थक म्हणाला. सकाळपासून खरं बोलायची ही त्याला दुसरीच संधी मिळाली होती. "अजून देऊ?"