फाइल नसेल तर घावणे घ्या

आबा आगाशांच्या कॉम्प्युटरकडे नसलेली फाइल मागितली, की तो घावण्यांची कृती पाठवायचा.

गोष्ट ऐंशीचं दशक सरतानाची. मांडवीला माझ्या शेजारी राहणारे आबा म्हणजे पदार्थविज्ञानाचे निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर माणसं कीर्तनाला जातात. आबांनी कॉम्प्युटर घेतला आणि तो टेलिफोनला जोडला. अशा हौशी मंडळींचं एक टपालजाळं होतं. सकाळी सहाला पुण्या-मुंबईची यंत्रं एकमेकांना फोन लावायची, पत्रं टाकायची आणि नाव सांगून फाइल मागायची. असली तर मिळे. नसली तर समोरचं यंत्र मुकाट्यानं फोन ठेवी.

इथंच आबांचं बिनसलं.

"शेजारीण वाटी घेऊन आली नि आपल्याकडे साखर नसली, तर तोंडावर दार लावतो काय रे आपण? साखर नाय तर गूळ घे, गूळ नाय तर आंबोशी घे. वाटी रिकामी परत जाता नये!"

हे नुसतं मत असतं तर चाललं असतं. पण आबांनी महिनाभर खपून तसा प्रोग्रॅम लिहिला आणि इंग्रजी अक्षरांत मराठी कृती टंकून ठेवल्या. पुण्याच्या एका बड्या गृहस्थांनी व्हायरसवरचं औषध मागितलं, त्यांना सोलकढी पोचली. आबांच्या मते गुण यायला हरकत नव्हती.

मुंबईचे सबनीस सगळ्यांच्या फोन नंबरांची यादी ठेवायचे. त्यांनी बजावलं, न मागितलेलं काही पाठवू नये, फाइल नसेल तर एका ओळीत 'नाही' कळवावं. रविवारपर्यंत सुधारणा न झाल्यास यादीतून नाव कमी. नाव गेलं की आबांना कुणाचंच यंत्र फोन करणार नव्हतं.

"'नाही' म्हणायला एवढं यंत्र हवंय कशाला? आमचा हरी वाणी फुकट म्हणतो!" आबा कडाडले.

मी समजूत घालायला गेलो आणि ती घावण्यांची कृती पडद्यावर प्रथमच नीट वाचली. 'तांदूळ रात्री भिजवावे. तवा चांगला तापू द्यावा. ह्यांना मध्ये लुडबुडू देऊ नये.' वर्षापूर्वी गेलेल्या आपल्या पत्नीच्या, माईंच्या वहीतून आबांनी शब्द न् शब्द उतरवला होता.

"आबा, ते शेवटचं तरी गाळा."

"तिनं लिहिलंय. माझी काय छाती गाळायची?" मग म्हणाले, "ती होती तेव्हा या घरातनं कोण रिकाम्या हाती गेला नाय. आता येतंय कोण? फोन तेवढा येतो."

इतके दिवस मी या माणसाची गंमत चारचौघांत सांगत होतो.

शनिवारी आबा नमले, पण आपल्या पद्धतीनं. यंत्र आता एकच ओळ पाठवायचं: 'नाही. घावणे आहेत, हवे तर मागा.'

सोमवारी घावण्यांची पहिली मागणी आली, खुद्द सबनिसांची. कृती गेली. मंगळवारी संध्याकाळी आबांनी मला कुंपणावरून हाक मारली आणि सबनिसांची चिठ्ठी दाखवली: 'घरून विचारणा आहे. मीठ किती? कृतीत दिसत नाही.'

आबांचा चेहरा उजळला. बोटं टंकायला सरसावली, आणि मान स्वयंपाकघराकडे वळवून त्यांनी खणखणीत हाक मारली, "अगो, घावण्यांस मीठ किती घालतेस गो?"

बराच वेळ आम्ही दोघंही आतल्या दाराकडे पाहत राहिलो. मग "थांब, करूनच बघू," म्हणत आबा उठले आणि त्यांनी तांदूळ भिजत घातले.