साडू, बारा दगड आणि एक मीटर चाळीस

मोजणी खात्यातल्या माझ्या चाळीस वर्षांत माझ्या आकडेमोडीत कुणाला चूक सापडली नाही. मी शोधू दिली नाही, असं आमची ही म्हणते. पण ती आमच्या खात्यात नव्हती.

तर एकदा देशभराची मोजणी नव्याने जुळवली गेली आणि हुकूम आला: आपापल्या सर्व बिंदूंचा पूर्वेकडचा आकडा एक मीटर चाळीसने वाढवा. बिंदू म्हणजे जमिनीत पुरलेले आमचे चारशे दगड. दगड जागच्या जागी राहणार, बदलायचे ते कागदावरचे आकडे.

"चहाच्या आत उरकतो," मी म्हणालो, आणि उरकलंही. संगणक मध्येच गप्प बसला म्हणून बटण पुन्हा दाबावं लागलं, एवढंच. यादी वर धाडली आणि कचेरीत पत्र फिरवलं: 'सर्व बिंदू एक मीटर चाळीस पूर्वेला सरकतील.' थोडक्यात लिहिणं हाही माझा एक गुण.

तपासणीला नेमका आला माझा साडू. शेजारच्या कचेरीचा मुख्य. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक निघाला, तर माझं सगळं दप्तर त्याच्या ताब्यात जाणार होतं.

"अहो, तसं झालं तर माहेरी मी एकटीच जाईन," ही म्हणाली. "तुम्ही घरीच बसा."

तपासणीच्या सकाळी सहज जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवली. फरक दोन मीटर ऐंशी. संगणक गप्प बसला नव्हता, काम करत होता. मी त्याच्याकडून ते दोनदा करून घेतलं होतं.

बाहेर साडूच्या जीपचा हॉर्न वाजला.

बारा दगड तपासायचे ठरले होते. पहिल्या दगडावर त्याने यंत्र मांडलं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

"दादा, हे काय?"

"सांगतो," मी म्हणालो.

"नऊ मिलिमीटर! आमच्याकडे इतकं चोख कधी येत नाही."

दुसरा दगड सात मिलिमीटर, तिसरा अकरा. बाराव्यापर्यंत साडूचा चेहरा पडला आणि माझी मान ताठ झाली. का ते मात्र मला कळेना.

ते साखळीमामांनी सांगितलं. दगडांची देखभाल करणारा आमचा जुना माणूस.

"साहेब, लिहून तुम्ही मोकळे, दगड उपटायला आम्ही. तपासणीचे बारा आधी हलवले, त्यातच कंबर गेली."

"हलवले?"

"तुमचंच पत्र की. एक मीटर चाळीस पूर्वेला. यंत्र लावून हलवलेत, बरं का, अंदाजपंचे नाही."

देशाचे एक चाळीस, मामांचे एक चाळीस. यादीत दोन ऐंशी. बेरीज चोख होती. माझ्या आकडेमोडीबद्दल मी काय सांगत होतो?

रविवारी सासरी जेवायला गेलो. साडूने सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. हिने लग्नानंतर दुसऱ्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. सासऱ्यांनी आपली खुर्ची मला दिली.

"दादा, वर शिफारस केलीय," साडू म्हणाला. "उरलेले तीनशे अठ्ठ्याऐंशीही तपासू, म्हणजे तुमची कचेरी देशात आदर्श ठरेल. सोमवारपासून पुढचा महिनाभर मी तुमच्याकडेच."

यादी सुधारली तर तपासलेले बारा खोटे पडत होते. न सुधारली तर उरलेले. मी हात धुतले, अंगणात जाऊन साखळीमामांना फोन लावला.

"मामा, आपण जेवलात का?"

चाळीस वर्षांत त्यांना 'आपण' म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ.