पार्सलकाकांचा टाका

पार्सलकाका खुर्चीतून उठायला गेले आणि गोधडीही त्यांच्याबरोबर उठली. ते घाईघाईने बसले. गोधडीही बसली.

गल्लीतल्या वाचनालयाच्या भिंतीसाठी ही गोधडी दोन महिने शिवली जात होती. घरटी एक तुकडा, आणि रोज दुपारी जमेल त्याने जमतील तसे टाके घालायचे. काकांनी एक दिवस चुकवला नव्हता. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, चुकून लागलेल्या फोनलाही ते "जेवलात का?" विचारत. आज शेवटचा तुकडा लागला की गोधडी भिंतीवर आणि काका पुन्हा घरात. तो तुकडा, बायकोच्या उशीचा अभ्रा, त्यांनी मुद्दाम मागे ठेवला होता आणि आज सकाळपासून मुंगीच्या पावलांनी शिवला होता. डोळे सारखे भरून येत होते, त्यामुळे सुई खाली कशाकशातून जातेय हे दिसलं नाही.

"काका, शिडी लावलीय, आणा ती इकडे," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आणि गोधडीच्या सर्वेसर्वा.

"थोडं राहिलंय."

"काय राहिलंय? मघाशीच दोरा तोडलात." बाईंनी गोधडीचं टोक ओढलं. काका खुर्चीसकट सरकले. "अगंबाई! पँटसुद्धा शिवलीत?"

"चारही बाजूंनी," काका हळूच म्हणाले.

"मग उसवा!"

आता मात्र काका दुखावले. "उसवा? तीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलं तपासली आणि शिवली. मेणाचा दोरा, दर तिसऱ्या टाक्याला गाठ. एकही पार्सल वाटेत फुटलं नाही."

कोपऱ्यात बसलेल्या सलूनवाल्याने ब्लेड लावून पाहिलं. ब्लेडचा तुकडा पडला. "बाई, कापावंच लागेल."

"गोधडी?"

"पँट."

सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. सलूनवाल्याने कात्री चालवली, काकांनी वाचनालयाचा टेबलक्लॉथ कमरेला गुंडाळला आणि गोधडी एकदाची वर चढली. चढताना अभ्र्यामागे काहीतरी खुळखुळलं. काकांनी खिसा चाचपला. खिसा भिंतीवर होता.

"घराची किल्ली!"

सलूनवाला कात्री घेऊन शिडीवर चढला.

"नको! अभ्रा कापू नका," काकांचा आवाज फाटला. "दुसरी किल्ली आहे. दारातल्या कुंडीखाली."

मग त्यांनी जीभ चावली. दहाबारा जणांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता काका सवयीने सुईत दोरा ओवून बसले. शिवायला काहीच नव्हतं. घर इतकं शांत होतं की त्यांना रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली, काल रात्री त्यांनीच सवयीने पुन्हा कुंडीखाली ठेवलेली. दारात बाई, थर्मास आणि मागे सलूनवाला.

"टेबलक्लॉथ न्यायला आलोय," बाई म्हणाल्या.

"न विचारता दार उघडून? बेल आहे की!"

"वाजवणार होतो. म्हटलं, पुन्हा कशाला तरी शिवून बसला असाल तर उठणार कसे?"

काका बराच वेळ रागावले आणि रागावता रागावताच त्यांनी तीन कप विसळले. मंडळी संध्याकाळी गेली. किल्ली आता दुसरीकडे लपवायलाच हवी होती. काकांनी ती उचलली, घरभर जागा शोधली आणि शेवटी पुन्हा कुंडीखालीच ठेवली, टोक जरा बाहेर दिसेल अशी.

टेबलक्लॉथ न्यायचा मात्र सगळेच विसरले होते.