साठपैकी साठ

बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या मोरोगोरोतल्या कचेरीत दार-ए-सलामहून अर्ज आले. त्यावर बारा गैरवर्तनं छापली होती आणि प्रत्येकासमोर शून्य ते पाच आकडे. एका अर्जात स्वतःला गुण द्यायचे, दुसऱ्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला.

नामसिफूने 'वेळेआधी निघणे'समोर एक लिहिला, खोडला आणि दोन केला. सात महिन्यांच्या एलियाला पाजायला ती रोज दहा मिनिटं आधी पळायची. नोकरी अजून कायम झाली नव्हती, तरी खोटं लिहायला हात धजेना. बाकी सगळीकडे शून्य.

शेजारच्या टेबलावर मसावे, गोदाम सांभाळणारे. ते चागा जमातीचे, ती पारे जमातीची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. या नात्यात कुणी कुणाबद्दल धड बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिच्याविषयीचा अर्ज सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"चोरी, पाच. बाई कचेरीच्या खुर्च्या डोक्यावरून घरी नेते. कामावर झोप, पाच. हिच्या घोरण्याने गोदामातले उंदीरसुद्धा गाव सोडून गेले. वरिष्ठांशी उद्धटपणा, पाच. काल साहेबांना कान धरून उभं केलं."

"काका, बढायांचा रकाना नाही वाटतं?" नामसिफू म्हणाली. "नसेलच. तुमचे लोक मावले नसते त्यात."

सगळे पोट धरून हसले. मसाव्यांनी बाराही ठिकाणी पाच भरलेला तो अर्ज पेटीत टाकला आणि रजेवर गावी जायला मोशीची बस धरली.

साडेचारला टायपिस्ट झुहुरा तिच्या कानाशी लागली.

"एलियाची आई, दोन्ही अर्जांतला फरक काढणारेत म्हणे. दहाच्या वर गेला की माणूस लपवाछपवी करणारा. त्याला कायम करत नाहीत."

साठ वजा दोन. नामसिफूने झुहुराचा हात धरला.

"पेटी उघड ना गं."

"किल्ली साहेबांकडे, आणि साहेब डोडोमाला."

"मग काकांना फोन लाव."

"बंद येतोय. तुझा अर्ज कुठाय?"

"हा काय, माझ्या हातात."

दोघी त्या अर्जाकडे पाहत राहिल्या.

पाच वाजेपर्यंत नामसिफूने बाराही गुन्हे कबूल केले. चोरीपाशी पेन जरा अडखळलं, पण एलियाच्या पाळणाघराच्या फीचा विचार करून तिने पाच लिहिले आणि खाली सही ठोकली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सर्व शाखांत फरक शून्य असलेली ही एकमेव कर्मचारी, आत्मपरीक्षण आदर्श, नोकरी कायम. सोबत दोन्ही अर्जांच्या प्रती होत्या.

मांदाझींची, तळलेल्या गोड पावांची, बशी घेऊन ती गोदामात धावली. मसाव्यांनी पत्र वाचलं, मग तिचा अर्ज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. हसले मात्र नाहीत.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "मी थट्टा करत होतो."

"ठाऊक आहे की, काका."

"तू तर सही केलीयस."

तिने फरक, पेटी, किल्ली, बंद फोन, सगळं धापा टाकत सांगितलं. मसाव्यांनी समजल्यासारखी मान डोलावली, पण ती जाईपर्यंत दारातून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोदामाला नवं कुलूप होतं.