एका दिवसाची वर्दी

आधी कबूल करून टाकतो. शेजाऱ्यांची फुलं तोडून देवपूजा करणाऱ्यांपैकी मी एक आहे. आणि वाईत माझे शेजारी आहेत सुभेदार अण्णा, जे रोज सकाळी बागेतल्या फुलांना कडक सॅल्यूट ठोकतात.

फुलं डे-लिलीची. सकाळी उमलतात, संध्याकाळी संपतात. फौजेतून निवृत्त झालेल्या अण्णांना त्याचं भारी अप्रूप. "आवं, नोकरी एका दिसाची, पन वर्दी बघा! कुटं चुणी न्हाई." संध्याकाळी सुकलेली फुलं खुडताना म्हणणार, "जावा गड्यांनो, पेन्शन मंजूर!"

मी हसायचो. मग एकदा थांबून नीट पाहिलं. उद्या नसणारं ते फूल हातचं काही न राखता उघडलं होतं. हसू आपोआप गेलं.

यंदा अण्णांच्या घरच्या बियाण्यातून वाढलेल्या एका रोपाला पहिली कळी आली. एकच. त्यांनी अख्ख्या गल्लीला चहाला बोलावलं. "उद्या उमलतीय. लेट येनाऱ्याला फूल न्हाई, फकस्त चहा!"

सकाळी फूल उमलायच्या आतच ते जादा दूध आणायला गेले होते. आमची जास्वंद रुसलेली. मी सवयीनं कुंपणावरून हात घातला आणि जवळचं फूल तोडलं. ते खास रोप पायरीवरच्या कुंडीत असणार, असं मी धरून चाललो होतो. फूल देवापुढे ठेवलं आणि हात जोडायचं विसरून बघतच राहिलो.

चहाला गेलो, तर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून कुंपणाजवळच्या रिकाम्या दांड्यापुढे उभे.

"अण्णा, कळी सपनात बघितली का काय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अण्णाही हसले, सगळ्यांना चहा दिला. मी भरला कप तसाच पायरीवर ठेवला.

लोक गेल्यावर ते हळूच मला म्हणाले, "जायच्या आदी आमच्या हिनं लाल फुलाची पूड पिवळ्याला लावली हुती. त्याचंच बी हे. ती म्हनायची लाल येनार, मी म्हनायचो पिवळं. पैज हुती. आज तिच्या फोटोला निकाल सांगायचा हुता."

तो निकाल जगात फक्त मला ठाऊक होता. तरी मी "येतो" म्हणून घरी आलो. फूल निर्माल्यात गेलं. पुढे कित्येक दिवस अण्णा दिसले की मी आत वळायचो.

शेवटी परवा त्यांच्या फाटकातून आत गेलो.

"अण्णा, मला माफ करा. ते फूल मी तोडलं. लाल होतं. काकू जिंकल्या."