कमावती व्यक्ती

सरकारी पत्रकात एक वाक्य आपल्या पदरचं घालावं असं मला वाटलं, आणि तिथंच घात झाला.

मी हिवतापाच्या ऑफिसात कारकून. डास मारणारे वेगळे, मी डासांच्या फायली सांभाळतो. (जिल्ह्यात डास माझ्यापेक्षा जास्त हिंडतात.) वरून फर्मान आलं, हिवताप नियंत्रण आता 'स्थानिक सामाजिक व आर्थिक परिस्थितीनुसार' करायचं. असली वाक्यं एसीत बसून सुचतात. तिथं डासही नसतो आणि परिस्थितीही नसते. मच्छरदाण्या मात्र घरटी एकच आलेली. ती कुणी वापरायची, याचा नियम लिहायचं काम धैर्यशील साहेबांनी माझ्याकडं दिलं. मी पडलो विद्वान. लिहिलं, 'मच्छरदाणीत घरातील कमावती व्यक्ती झोपेल.' हेतू उघड होता. गडमुडशिंगीच्या आमच्या घरात नोकरीला मी एकटाच. शिवाय पुढंपुढं करून माझंच घर 'आदर्श घर' म्हणून दिलं. पंधरा दिवसांनी साहेब ते बघायला येणार होते आणि माझं रखडलेलं प्रमोशन त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं.

संध्याकाळी घरी पोचलो तर मच्छरदाणी गोठ्यात. आत आमची म्हैस, लक्षी, निवांत रवंथ करत बसलेली.

आईनं पत्रक माझ्या नाकासमोर धरलं. "कमावती लिवलंय. कमावता न्हवं."

मी व्याकरण समजावलं. व्यक्ती हा शब्दच स्त्रीलिंगी, मग ती व्यक्ती मिशीवाली का असेना. बायको अनुजानं सगळं ऐकून घेतलं.

"आसंल की," ती म्हणाली. "पर तुमचा पगार तुमची गाडी आन् मोबाईल खातोय. चूल पेटती ती लक्षीच्या दुधावर."

वर तिनं हेही सांगितलं, की डास चावले की लक्षी लाथा झाडते आणि दूध चोरते. मला चावले तर कुणाचं काहीच अडत नाही. (ऑफिसचंही नाही, हे मी पूर्वी रजा काढून पाहिलंय.) साहेब यायच्या आदल्या दिवशी मच्छरदाणी परत मिळवू, असा विचार करून मी उघड्यावर झोपत राहिलो.

आदल्या दिवशी मला हुडहुडी भरली. रक्त तपासलं, हिवताप निघाला. आदर्श घरातला पहिला रुग्ण, तोही नियम लिहिणाराच.

साहेब आले तेव्हा मी दोन घोंगड्यांखाली दात वाजवत होतो. त्यांनी गोठा पाहिला, पत्रक वाचलं, घरात कमावतं कोण म्हणून विचारलं. आईनं बोट गोठ्याकडं केलं. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि जाता जाता सांगितलं, की रुग्णाला मच्छरदाणीतच ठेवा.

आई तडक गोठ्यात गेली. मच्छरदाणी सोडून आणली, माझ्यावर बांधली, कडा गादीखाली नीट खोचल्या. आपण या माऊलीला ओळखलंच नाही असं मला वाटलं.

"आई, राहू दे की लक्षीला," मी म्हणालो.

"गप पड. तुला चावल्याला डास तिला चावाय नगं."

साहेबांचा शेरा आठवड्यानं ऑफिसात आला. एकच ओळ होती: 'कमावती व्यक्ती सुरक्षित.'