पाच फुटांच्या खाली

थर्मन बारविक यांनी स्वतःच्या शेतात स्वतःला पुरून घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांचं वय शहाऐंशी होतं आणि तब्येत ठणठणीत होती. घाई कशाचीच नव्हती. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, हा अनुभव नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकऱ्यालाही असतो, म्हणून त्यांनी अर्ज मरायच्या आधीच केला. नंतर केला असता तर सहीचा प्रश्न आला असता.

मागणी साधी होती. रताळ्यांच्या शेताच्या कोपऱ्यात, पाइनच्या झाडांखाली, बारविक घराण्याची थडगी होती. त्यातलं शेवटचं त्यांच्या बायकोचं, वेलमाचं. तिच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी होती. तीस वर्षं संसार केला आणि एकतीस वर्षं एकट्याने काढली, आता तेवढी जागा मिळाली की झालं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अडचण जमिनीची होती. थर्मन चोवीस वर्षांचे असताना त्यांच्या शेतावर एका विमानाचे आकाशातच तुकडे झाले आणि त्यातून दोन अणुबॉम्ब पडले. एक हवाई छत्रीला लटकून झाडावर अडकला, तो काढून नेला. दुसरा चिखलात गेला. हवाई दलाच्या खात्याने दोन महिने खोदलं, पण जितकं खोदावं तितकं पाणी लागे. शेवटी खात्याने खड्डा बुजवला आणि चौकशी केली. बॉम्बला चार सुरक्षा खटके होते. त्यातले तीन पडतापडता आपोआप चालू झाले आणि चौथा गंजल्यामुळे अडकला. अहवालात लिहिलं, की सुरक्षा व्यवस्था यशस्वी ठरली असून एका खटक्याने काम भागत असल्याने उरलेले तीन अनावश्यक होते. गंजाबद्दल समाधान व्यक्त करण्यात आलं.

मग एक करार झाला. वरचे पाच फूट शेत थर्मन यांचं आणि त्याखालचं सगळं सरकारचं. पाच फुटांखाली कोणी खोदायचं नाही. शेताच्या मध्यावर कुंपण घालून पाटी लावली. इकडे जिल्ह्याचा आरोग्य नियम असा, की मयत सहा फुटांपेक्षा कमी खोल पुरायचं नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, फक्त दोन्ही ठिकाणी खोदायला बंदी.

अर्ज गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मेजर कॉर्लिस पेनिंग्टन आल्या. खुर्चीत बसून त्यांनी गोड गार चहा घेतला आणि फाईल उघडली. त्यांच्या खात्याचं नाव होतं ‘न हरवलेली शस्त्रे विभाग’.

"म्हणजे बॉम्ब सापडला?" थर्मन यांनी विचारलं.

"तो हरवलाच नव्हता, मिस्टर बारविक. तो जिथे आहे तिथेच आहे. कुठे आहे, एवढंच आम्हाला नक्की सांगता येत नाही."

"अहो बाई, माझा चष्मा असाच असतो. आम्ही त्याला हरवला म्हणतो."

"तुमच्या चष्म्यासाठी वेगळा विभाग नसेल," मेजर समजुतीने म्हणाल्या. "बरं, एक शंका आहे. तुमच्या पत्नी इथेच आहेत ना? त्यांना किती खोल पुरलं?"

थर्मन यांनी चहाचा पेला खाली ठेवला. वेलमाच्या वेळी त्यांनी जिल्ह्याला सहा फूट सांगितलं होतं आणि खात्याला चार. मयताची कामं करणारा त्यांचा बालमित्र हॉवर्ड टर्नेज शेजारीच बसला होता. त्याचा चहा ठसक्याबरोबर नाकात गेला.

"सांगून टाक थर्मन," तो खोकत म्हणाला. "एकतीस वर्षं मला झोप नाही."

"तू मयतातसुद्धा पेंगतोस, तुला झोप नाही म्हणे!" थर्मन खेकसले. पण मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते दोघं खोदत होते. साडेपाच फुटांवर फावडं ठण्ण करून वाजलं. धोंडा असेल म्हणून टर्नेजने अजून दोनदा हाणलं. मग माती बाजूला केली, तर धोंड्यावर नंबर होता.

"तीनदा?" मेजरनी विचारलं.

"तिसऱ्यांदा जरा हळू," टर्नेज म्हणाला.

दोघांनी अर्धा फूट माती परत लोटली आणि वेलमाला वर ठेवलं. पाद्र्याला त्या दिवशी प्रार्थना आटपती घ्यायला सांगितली.

"हे कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर तुम्ही तिला उकरून काढलं असतंत," थर्मन म्हणाले. "बॉम्ब राहू दे नाहीतर जाऊ दे, बाई. तिला हलवू नका. माझं एवढंच मागणं आहे."

मेजरनी नकाशा पाहिला. कुंपण आणि पाटी थडग्यापासून चारशे फुटांवर होती. साठ वर्षं खात्याचा माणूस दर महिन्याला येऊन रिकाम्या चिखलावरचं गवत कापत होता आणि ‘बॉम्ब सुरक्षित’ असं लिहून जात होता. आता जागा बदलली म्हणावं, तर बॉम्ब आधी हरवला होता असं होणार, आणि विभागाच्या नावातच ते बसत नव्हतं. मेजरनी फाईल मिटली आणि पुन्हा उघडली. त्यांना त्याहून गंभीर गोष्ट दिसली होती.

"मिस्टर बारविक, अण्वस्त्राजवळ कोणीही एकटं असता कामा नये. नेहमी दोन माणसं. एकाचं डोकं फिरलं तर दुसऱ्याने आवरायचं. हा आमचा पहिला नियम आहे."

"बरोबर आहे. चांगला नियम आहे."

"तुमच्या पत्नी एकतीस वर्षं तिथे एकट्या आहेत."

थर्मन यांनी वळून पाइनच्या झाडांकडे पाहिलं.

"त्यांना काढायचं तर पाच फुटांखालची माती हलेल, म्हणून ते शक्य नाही. तेव्हा दुसरा माणूस देणं भाग आहे. तुमचा अर्ज मंजूर. तुम्ही केव्हा रुजू होऊ शकाल?"

"अहो, पण मी जिवंत आहे!"

"ती अडचण आमच्या लक्षात आली आहे," मेजर म्हणाल्या. "सोमवार जमेल का?"

सोमवार जमला नाही. तडजोड म्हणून थडग्याशेजारी एक खुर्ची ठेवण्यात आली आणि थर्मन यांना हंगामी दुसरा माणूस नेमण्यात आलं. गळ्यात ओळखपत्र घालून ते रोज आठ तास तिथे बसू लागले. त्यांना ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. ते वेलमाला रताळ्यांचा भाव सांगत, टर्नेजच्या चुगल्या करत. दर शुक्रवारी एक फॉर्म भरावा लागे. ‘सहकाऱ्याच्या वागण्यात काही बदल?’ या प्रश्नापुढे ते लिहीत, ‘पूर्वी फार बोलायची.’ ‘सहकारी कामावर झोपतो का?’ यापुढे त्यांनी बराच विचार करून ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं.

पण फार वेळ बसलं की माणूस विचार करतो. एके दिवशी मेजर तपासणीला आल्या तेव्हा थर्मन यांनी तो बोलून दाखवला.

"बाई, माझी म्हातारी एका गंजलेल्या खटक्यावर झोपली आहे. गंज काही थांबत नाही. उद्या तो खटकाच गळून पडला तर?"

"अहवालात गंजाबद्दल समाधान व्यक्त केलेलं आहे."

"मेलं ते समाधान! त्यापेक्षा नीट पंप लावा, पाणी काढा, आणि तो बॉम्ब घेऊन जा की. तिला हलवायचं नाही म्हणालो होतो, ते मागे घेतो. दोन दिवस माझ्या खाटेवर ठेवीन तिला, पण हे तिच्या पाठीखालून काढा. चारात तीन खटके फसले, तेव्हाच काढायला हवं होतं."

मेजरनी पहिल्यांदाच इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तसं कलम आहे. कोणी हरकत घेतली तर काढावा लागतो."

"मग घेतली! लिहा."

"तुम्ही आता कर्मचारी आहात. कर्मचाऱ्याची हरकत चालत नाही."

"मी घेतो," शेजारी उभा असलेला टर्नेज म्हणाला.

"तुम्ही शस्त्रावर तीनदा फावडं मारलं आहे. तुम्ही आरोपी आहात. हरकत बाहेरच्या माणसाची लागते, ज्याचा यात काही संबंध नाही."

"असा कोण असणार?"

"खटका गळला तर संबंध सगळ्यांचाच येईल," मेजर म्हणाल्या. "पण तोपर्यंत बाहेरचे पुष्कळ आहेत."

त्यांनी पाइनच्या झाडावर एक सूचना ठोकली. बाहेरच्या कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी, अशी.

तिसऱ्या वर्षी, रताळी काढून झाल्यावर, थर्मन बारविक खुर्चीतच गेले. टर्नेजने त्यांना वेलमाच्या उजव्या हाताला ठेवलं, बरोबर पाच फुटांवर, आणि खोदताना तो इतका हळू खोदत होता की दफन दुसऱ्या दिवशी झालं. जिल्ह्याने सहा फुटांच्या नियमावर बोट ठेवलं. खात्याने कळवलं, की तो नियम मयतांसाठी आहे आणि मिस्टर बारविक मयत नसून ड्युटीवर आहेत.

तेव्हापासून मेजर पेनिंग्टन दर वर्षी येतात. दोन्ही कर्मचारी जागेवर असल्याची नोंद करतात. रजा नाही, तक्रार नाही, एकमेकांवर संशय नाही. अशी जोडी खात्यात दुसरी नाही, असं त्या म्हणतात. शेवटचा रकाना बाहेरच्या माणसाच्या हरकतीचा असतो. तिथे मात्र त्या पेन उघडून जरा वेळ थांबतात, झाडावरच्या सूचनेकडे बघतात, कोणाचं काही आलं आहे का ते टर्नेजला विचारतात.

ही हकीकत आता पुष्कळांना माहीत आहे. तुम्हीही ती इथवर वाचलीत, फावड्यापाशी बहुधा हसलातही. मेजर आणखी थोडा वेळ थांबतात. मग रकान्यात लिहितात, ‘हरकत नाही.’